सात टाक्यांचं पाकीट

९ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र हातात पडलं की आधी पाकिटाचं तोंड बघ. नुसत्या डिंकावर माझा आता भरवसा नाही, म्हणून पांढऱ्या दोऱ्याने टाके घातलेत, मोजून सात. कमी भरले किंवा दोरा दुसरा दिसला तर लगेच कळव. पत्र मी स्वतः पेटीत टाकते. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला दुखऱ्या पायाने अर्धा तास लागतो, पण घरातल्या कुणाच्या हाती देत नाही. घरात आहे तरी कोण म्हणा, मी आणि सूनबाई. तुझा भाचा बोटीवर, तो सहा महिन्यांनी तोंड दाखवणार.

दुखणं पायाचं नाही, उजव्या खुब्याचं आहे. पाटलोणीला खिशाचं तोंड जिथे येतं ना, बरोबर तिथे, बाहेरच्या अंगाला. जिना चढताना कळ येते, खुर्चीतून उठताना येते, त्या कुशीवर झोपलं तर विचारूच नकोस. दीड वर्ष अंगावर काढलं. मग सूनबाईनेच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, सांधा ठणठणीत आहे म्हणाले आणि एका फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. तिथला नंबरही सूनबाईनेच लावला. एवढी तत्परता या घरात मी पूर्वी पाहिलेली नाही.

ही फिजिओबाई म्हणजे तिशीची पोरगी. खोलीत निळी सतरंजी, रबराचे पट्टे, भिंतभर आरसा आणि लाकडाची एक पायरी. औषध नाही, सुई नाही, नुसत्या चौकशा. एका बोटाने जागा दाखवा म्हणाली, दाखवली. जांघेत दुखतं का, कमरेतून पायात उतरतं का, असं विचारलं. इथवर ठीक होतं. मग घरात कोण कोण असतं, कापडाचे गठ्ठे कोण उचलतं, घरच्या दुकानातलं शिवणाचं मशीन दाराच्या कुठल्या बाजूला आहे, झोपता कुठल्या कुशीवर! उद्या ही कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवता ते विचारील. एका पायावर तीस आकड्यांपर्यंत उभं राहायला लावलं, तर बारालाच माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिचं म्हणणं असं की स्नायूचं टोक हाडाला जिथे शिवलेलं असतं ती जागा चिडली आहे, हळूहळू ताकद वाढवली तर शांत होईल. आणि मी रोज वही लिहायची. कधी दुखलं, कशी बसले, कशी उभी राहिले, कशी झोपले. दर गुरुवारी ती वही तिला दाखवायची. निघताना दोघी दारात खालच्या आवाजात बोलत होत्या. मला जिना उतरायला वेळ लागतो हे त्यांना ठाऊक आहे.

सरळच सांगते. मला मशीनवरून उठवायचा हा घाट आहे. आईंना आता झेपत नाही असं त्या पोरीने कागदावर लिहून दिलं की संपलं. चिरंजीव तिकडून मान डोलावतील. चौतीस वर्षं मी त्या मशीनवर बसते आहे. हे गेले तेव्हाही पंधराव्या दिवशी मी शाळेचे गणवेश शिवायला बसले होते. मशीन गेलं तर या घरात मी कोण, ते तू सांग.

आणखी एक. दुपारी मी एक ते तीन आडवी होते. उठल्यावर केरात उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे सापडतात. नवा कपडा कोण उसवतं? माझ्या खणातली रिळंही भराभर संपतात. सूनबाई बाहेरची कामं घेते आहे, माझ्याच दोऱ्यावर. कानामागून आली आणि तिखट झाली.

पत्राला उशीर करू नकोस. आहे तो लोभ उसवू देऊ नकोस.

तुझी,
अक्का


१७ जानेवारी

ती. अक्काच्या चरणी सा. न. वि. वि.

टाके सात भरले. दोरा पांढराच होता. तरी तुझ्या समाधानासाठी भिंगातून पाहिले. घरातून विचारणा झाली की अक्कांनी आता पत्राला बटणं लावायचं तेवढं ठेवलंय का. मी म्हटलं, सुचवू नका.

तुझा संशय मला वेडेपणाचा वाटत नाही. माझा धंदाच संशयावर चालतो. लोक एकमेकांवर विश्वास ठेवायला लागले तर मला दुकानाला माझंच कुलूप लावून घरी बसावं लागेल. दोन वर्षांपूर्वी सूनबाई कापायला बसायला लागली तेव्हाच मी तुला लिहिलं होतं, की सुनेच्या हाती कात्री गेली की सासूचं स्टूल कोपऱ्यात सरकतं, तेव्हा डोळ्यांत तेल घालून बस. तू मनावर घेतलंस हे बरं झालं. भागीदाराने मला कसं धुऊन काढलं ते तुला ठाऊक आहेच. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं.

आता ऐक. व्यायाम देते आहे तो कर, त्यात काही जात नाही. पण वह्या दोन ठेव. एक त्या बाईला दाखवायची. तीत सगळं सरळसोट असावं, म्हणजे तुझ्याविरुद्ध लिहायला तिला काही सापडणार नाही. दुसरी खरी. तीत खरोखर काय होतं ते लिही आणि पानं मला पाठव. मी निवांत बसून बघतो कुठे पाणी मुरतंय ते.

सोबत खणासाठी कुलूप धाडतो आहे. पितळी आहे, पाच खटक्यांचं, माझ्या हातचं. किल्ल्या दोन आहेत. एक कमरेला लाव, दुसरी कुठे ठेवलीस ते मलासुद्धा लिहू नकोस. लहानपणी तू खडूचे तुकडे मोजून डबीत ठेवायचीस आणि मी एक पळवला की सगळं घर डोक्यावर घ्यायचीस. तेव्हाच हे कुलूप करायला हवं होतं.

लोभाला गंज चढू नये एवढंच मागणं.

तुझा,
धाकटा


८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

कुलूप लावलं. खण काय छान बंद होतो! सूनबाईने पाहिलं. त्या दिवशी ताटावरून लवकर उठली. मन खात असणार.

तू सांगितल्याप्रमाणे निळी वही फिजिओबाईची आणि लाल वही आपली. निळीत मी ताठ बसते, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी राहते, उताणी झोपते आणि दुपारी देवाचं नाव घेते. असं शहाणं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही.

व्यायाम मात्र खरे करते. उताणं पडून गुडघे वाकवायचे आणि कंबर उचलायची, दहा वेळा. भिंतीला बाजूने टेकून पाय भिंतीवर दाबून धरायचा. आठवड्यातून तीनदा पायरीवर चढ-उतार. थोडं दुखलं तर चालेल, म्हणाली, दहापैकी तीन. पण दुसऱ्या दिवशी जास्त ठणकता कामा नये. इथे रोजच जास्त ठणकतं. गुरुवारी तिने निळी वही दोनदा वाचली आणि वही उत्तम आहे, पाय मात्र वहीचं ऐकत नाही, असं म्हणाली. मग माझ्याकडे बघत बसली. नाचता येईना अंगण वाकडं. तिच्या व्यायामाने गुण येत नाही, म्हणून दोष माझ्या वहीचा.

तिने मशीनची जागा बघायला घरी येऊ का असंही विचारलं. मी साफ नाही म्हटलं. आली की मापं घेऊन जाईल.

आता मुद्द्याचं. कापायच्या टेबलाखाली सूनबाईची कापडी पिशवी असते. काल ती आंघोळीला गेली तेव्हा मी बघितली. आत नवी कोरी सहा रिळं, आपल्या दुकानाच्या खरेदीतली नव्हेत. म्हणजे खणाला कुलूप लागल्यावर बाईसाहेबांनी स्वतःची रिळं आणली! बँकेतल्या बाईंचा करडा कोटही तिथेच होता, जो मी सोमवारी शिवून हातावेगळा केला होता. तो पिशवीत कशाला?

लाल वहीतली पानं जोडली आहेत. एक गोष्ट माझ्याही लक्षात आली, पण अर्थ लागत नाही. तूच बघ.

सोमवार. मशीनवर तीन तास. सूनबाई उजव्या हाताला टेबलाशी कापत होती, म्हणून तिच्याकडे वळून बसले. उजव्या मांडीवर भार, डावा पाय मशीनच्या पायट्यावर. उठताना कळ.
मंगळवार. गिऱ्हाईक आलं, दोघी कुजबुजत होत्या. आतल्या पडद्यामागे उजव्या पायावर रेलून वीस मिनिटं उभी. नीट ऐकू आलं नाही. जिन्यात कळ.
बुधवार. दुपारी उजव्या कुशीवर, दुकानाकडे तोंड करून पडले, डोळे मिटून. झोप नाही. ठणका.
गुरुवार. फिजिओबाईकडून आल्यावर सूनबाई कापड आणायला गेली, दिवे लागेपर्यंत बाहेर. चार तास शिवलं. दुखलं नाही.
शुक्रवार. ती घरात. दुखलं.
शनिवार. ती घरात. फार दुखलं.

ती घरात असली की दुखतं, नसली की नाही. याचा अर्थ काय समजायचा, धाकट्या? मी आता चहासुद्धा माझा मीच करून घेते.

जपून राहा आणि मला जपून ठेव.

तुझी,
अक्का


२० फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. मला तुम्ही कधी लिहीत नाही, त्यामुळे आधी वाटलं हाही एक सापळाच असेल. माफ करा, पण या घरात राहून माणसाला तशी सवय लागते. मग पुन्हा वाचलं. करडा कोट पिशवीत का होता, असं तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळच सांगते.

गेलं वर्षभर आईंची उजवी बाही ओढलेली येते. टाका बारीक, सुबक, पण शिवण हळूहळू बाजूला सरकत जाते. पहिल्यांदा बँकेतल्या बाईंनी त्यांचा आधीचा एक कोट परत आणला. आई तेव्हा आडव्या झाल्या होत्या. त्या बाई म्हणाल्या की तुमच्या सासूबाईंचा हात गेला वाटतं. मामा, मला ते सहन झालं नाही. शिवणात आईंना नाव ठेवलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. मी तिथेच बाही उसवून नीट करून दिली. तेव्हापासून आई दुपारी पडल्या की सकाळच्या बाह्या बघते आणि लागतील तेवढ्या उसवून शिवते. करडा कोटही त्यासाठीच पिशवीत होता; बाई तो मार्चमध्ये नेणार आहेत. त्यांना सांगायची छाती झाली नाही. आधीच त्या मला पाण्यात पाहतात. त्यात तुमची बाही वाकडी येते म्हटलं, तर मी मशीनच मागते आहे असं त्यांना वाटलं असतं.

दोरा आधी खणातला घेत होते, दुकानाच्याच कामाला लागतो म्हणून. खणाला कुलूप लागलं त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. या घरात येऊन सात वर्षं झाली मला. मग माझी मी रिळं आणली.

फिजिओबाईंशी दारात बोलत होते हे खरं आहे. त्या घरी येऊन मशीन बघू का विचारत होत्या. मी म्हटलं की माझ्या तोंडून निघालं तर आई कधीच हो म्हणणार नाहीत, तुम्हीच विचारा.

बाह्यांचं आईंना सांगू नका. पाय बरा झाला की हातही सरळ येईल असं मला वाटतं. तुमच्या मनात माझ्याविषयी काय आहे ते मला ठाऊक नाही, पण असेल तर थोडी माया असू द्या.

तुमची,
सूनबाई


२७ फेब्रुवारी

ती. अक्काच्या चरणी सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. दोन्ही मांड्यांवर सारखी बस.

कुलूप बिघडून आलं की मी आधी ते कुठे झिजलंय ते बघतो. एकाच बाजूला झिजलं असेल तर दोष कुलपाचा नसतो, किल्ली रोज तिरकी घालणाऱ्या हाताचा असतो. तुझी लाल पानं समोर ठेवली आणि तसंच पाहिलं. दुखलं त्या प्रत्येक ओळीत तू कुणावर तरी नजर ठेवते आहेस. टेबलाकडे वळून बसलीस, पडद्यामागे एका पायावर रेललीस, झोपेचं सोंग घेऊन त्याच कुशीवर पडलीस. गुरुवारी नजर ठेवायला कुणी नव्हतं, तर चार तास शिवूनही दुखलं नाही. ती घरात असली की दुखतं हे तू बरोबर हेरलंस. फक्त दुखणं ती देत नाही, तू तिच्यामागे लागून ते घेतेस. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि त्या फिजिओबाईला आपण काय दिलं? निळी वही! दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. ही अक्कल माझी, तुझी नव्हे.

दुसरी गोष्ट सांगू नका असं मला बजावलं आहे, तरी सांगतो. मी सूनबाईला पत्र घातलं होतं. वाकडी बसून शिवतेस म्हणून वर्षभर तुझी उजवी बाही ओढलेली येते आहे. गिऱ्हाईकाने नाव ठेवू नये म्हणून ती तुझ्या बाह्या तुझ्यामागे नीट करते. केरातले दोरे त्याचे. रिळं त्याला लागली. बाहेरचं काम एकही नाही. विश्वास बसत नसेल तर करड्या कोटाचं अस्तर उलटून बघ.

कुलूप लागलं त्या दिवशी ती उपाशी उठली, अक्का. तीस वर्षं मी कुलपं करतो आहे. आत ठेवलेल्या वस्तूचा विचार रोज केला. बाहेर राहिलेल्या माणसाला काय वाटतं, ते परवा पहिल्यांदा वाचलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. स्टूल कोपऱ्यात सरकतं असं मी दोन वर्षांपूर्वी एका ओळीत लिहून मोकळा झालो. तू त्या ओळीवर वाकडी होऊन दोन वर्षं बसलीस. मला क्षमा कर.

लाल वही घेऊन त्या बाईकडे जा. रागावलीस तरी चालेल, तोडू नकोस.

तुझा,
धाकटा


३० मे

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला पुन्हा पत्र घालायचं नाही असं ठरवलं होतं. राग तुझ्यावर होता, तिच्यावर होता, त्या बँकेतल्या बाईवर तर फारच होता. तीन महिने झाले, आता राग धरून ठेवायलाही कंटाळा येतो.

तुझं पत्र वाचून तशीच उठले आणि तुला खोटं पाडायला कोट काढला. अस्तर उलटलं. माझ्या टाक्यांची भोकं ओळीने दिसत होती, खांद्यापासून जी घसरत गेली होती ती पार बोटभर. त्या ओळीशेजारून सूनबाईची शिवण दोरी लावल्यासारखी सरळ. धाकट्या, मी तिची शिवण कधी नीट पाहिलीच नव्हती. सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे. माझा बारीक टाका, माझं शेवटाला दोनदा मागे येणं, सगळं हुबेहूब. मी तिला एक अक्षर शिकवलेलं नाही. माझंच उसवता उसवता ती शिकली. मला रडू आलं. ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि कोट पाहून दारातच थांबली. मी तिला म्हटलं की पुढच्या वेळी उसवशील तेव्हा मला हाक मार, मला बघायचंय कुठे सरकतं ते. एवढंच बोलणं झालं. तिनेही डोळे पुसले, पीठ सगळं गालाला लागलं.

गुरुवारी दोन्ही वह्या फिजिओबाईपुढे ठेवल्या. मला वाटलं ओरडेल. तिने लाल वही शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली की निळ्या वहीतल्या बाई कधीच बऱ्या होऊन घरी गेल्या, आता तुमचं बघू. गुणाची पोर आहे. मला समजेल असं सांगितलं. एका पायावर रेललं, पाय आत घेऊन तिरकं बसलं, त्या कुशीवर झोपलं, की ते चिडलेलं टोक हाडावर चेपतं. व्यायामाने ते सांधायचं आणि उरलेला दिवस मी ते चेपायचं, मग गुण कुठून येणार? आता डाव्या कुशीवर झोपते, दोन गुडघ्यांत उशी घालून. दर अर्ध्या तासाने उठते. पायरीवरून रबराच्या पट्ट्यापर्यंत मजल गेली आहे. मधे एक आठवडा पुन्हा ठणकलं तेव्हा मला लगेच शंका आली, पण ती म्हणाली असं होतंच, दोन पावलं मागे या, थांबू नका. परवा एका पायावर तीस आकडे पुरे झाले. मी तेहतीसपर्यंत मोजले, तिला दाखवायला.

ती घरीही येऊन गेली. तिने मशीनवरून उठा म्हटलं नाही, नुसतं मशीन फिरवा म्हटलं. मी आणि सूनबाईने मिळून फिरवलं. आता माझं तोंड खिडकीकडे, उजेड समोरून, आणि कापायचं टेबल पाठीमागे. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा मान वळवली. बाराव्या वेळी सूनबाई मागून म्हणाली की आई, आता मानेसाठी वेगळी फिजिओबाई बघावी लागेल. मला इतकं हसू आलं की सुई मोडली.

बाही आता सरळ येते. दहांत एखादी सरकते, ती तीच मला आणून दाखवते आणि मी उसवते. काल जेवणानंतर मशीनवर बसल्या बसल्याच मला डुलकी लागली. मागे तिच्या कात्रीचा आवाज चालला होता. जाग आली तेव्हाही तो चाललाच होता, फक्त माझ्यापुढचा पडदा तिने ओढून घेतला होता, तोंडावर ऊन येऊ नये म्हणून.

कुलूप वेगळ्या पुडक्यात परत धाडते आहे, किल्ल्या दोन्ही. काम सुरेख आहे. ज्याच्या घरात परके लोक असतील त्याला वीक.

हे पत्र टाकायला सूनबाईकडे देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही, टाकेही घातलेले नाहीत. मशीनवरून उठून डिंक आणायचा कंटाळा आला असं तिला सांगणार आहे.

पाय आता सांभाळते, माणसंही सांभाळते. तू तेवढा माझ्यावरचा हक्क सोडू नकोस.

तुझी,
अक्का


(पाकिटाच्या मागे, वेगळ्या अक्षरात)

मामा, आईंनी पाकीट उघडंच दिलं. मी न वाचता चिकटवलं आहे. टाके मोजू नका.